पेटीचे सूर खरंच झिजतात का? ८४ च्या ८४ बदलायला सांगितलंय

भाताधारी

भजनी मंडळाची पेटी (हार्मोनियम) आहे. ४२ पट्ट्या, खर्ज-नर (प्रत्येक पट्टीला दोन सूर, खर्ज खालच्या सप्तकाचा, नर त्याच्या वरचा, म्हणून ८४), गुजरातमधल्या पालिताण्याचे सूर, वय ११ वर्षं. रत्नागिरी जिल्हा, समुद्र हाकेच्या अंतरावर. शेवटची जुळवणी ३ वर्षांपूर्वी झाली. आठवड्यातून दोनदा दोन-दोन तास वाजते आणि गाणं जवळजवळ सगळं काळी एकमध्ये, म्हणजे पहिली काळी पट्टी हाच षड्ज. जुलैपासून पुढच्या तक्रारी आहेत. आकडे मोबाइलवरच्या ट्यूनरचे, पांढरी सहा ४४० हर्ट्झ धरून. सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा हिस्सा.

१) मधल्या सप्तकातली काळी एक, नर. जूनमध्ये ठीक होती. दोन आठवड्यांत १८ सेंट उतरली, अजून उतरतेय. जोरात हवा दिली की बारीक झणझण.
२) वरच्या सप्तकातली पांढरी पाच, नर. पट्टी दाबल्यावर क्षणभर नुसती हवा, मग सूर.
३) खालच्या सप्तकातली काळी चार, खर्ज. भाता हळू मारला तर वाजते, जोर दिला की गप्प.
४) खर्जाची अख्खी ओळ नरापेक्षा ५ ते ८ सेंट खाली. आवाजही दबलेला. उन्हाळ्यात असं नव्हतं.

सल्ला मिळाला तो असा: सूर झिजलेत, दोन्ही ओळी नव्या टाका. ११ वर्षांत एवढे झिजतात का? झिजतात म्हणजे नेमकं काय होतं? आणि यातलं घरी किती करता येईल? स्क्रू-ड्रायव्हर नीट धरता येतो, रीडला आजवर हात लावलेला नाही.

खरवडणी

संच बदलू नका. तुमच्या चार तक्रारींची चार वेगळी कारणं दिसतात, आणि त्यातली एकच रीड बहुधा कामातून गेलीय.

आधी शब्द ठरवून घेऊ. पितळी चौकट आणि तिच्यावर रिव्हेटने धरलेली जीभ, ही जोडी म्हणजे रीड. नुसती जीभ म्हणजे पत्ती. सूर म्हणजे कानाला येतो तो. पेटीवाले तिन्हींना सूरच म्हणतात आणि निम्मे वाद तिथेच सुरू होतात.

रीड वाजते कशी ते डोळ्यांसमोर असलं की निदान सोपं जातं. बाहेरच्या भात्यातून हवा आतल्या भात्यात जाते, तिथल्या स्प्रिंगा तिला दाबून धरतात. पट्टी दाबली की तिच्याखालची गादी भोकावरून उठते आणि दाबातली हवा रीडच्या फटीतून बाहेर पळते. पत्ती दाबाच्या बाजूला असते आणि तिचं टोक चौकटीपासून किंचित उचललेलं असतं. हवा तिला फटीत ढकलते, त्याबरोबर वाट अरुंद होते, पत्ती स्वतःच्या ताठपणाने परत येते, पुन्हा ढकलली जाते. ती फटीच्या कडांना न शिवता आरपार जाते. आवाज येतो तो हवेचे असे तुकडे पडल्यामुळे. पितळ स्वतः घंटेसारखं वाजत नाही. मधल्या काळी एकला हे सेकंदाला २७७ वेळा होतं.

सूर किती उंच हे ठरतं मुख्यतः पत्तीच्या लांबी-जाडीवर. २५ मिलिमीटर लांब आणि ०.३ मिलिमीटर जाड, सगळीकडे सारखी पितळी पत्ती घेतली तर गणिताने साधारण २६५ हर्ट्झ येतात, म्हणजे मधल्या पांढरी एकच्या आसपास. तिची जाडी सगळीकडून फक्त १ टक्का कमी झाली, म्हणजे ३ मायक्रॉन, तर सूर १७ सेंट उतरतो. डोक्याचा केस याच्या वीसपट जाड असतो. आणि टोकाला पत्तीच्या वजनाच्या शंभराव्या हिश्श्याइतका मळ चिकटला, तोही या पत्तीवर दोनच मिलिग्रॅम भरेल, तर सूर ३५ सेंटच्या आसपास उतरतो. म्हणजे अर्ध्या सुराचा तिसरा हिस्सा, नुसत्या घाणीने! म्हणून उतरलेली रीड हातात घेतली की पहिलं काम साफ करणं. खरवडणं सगळ्यांत शेवटी. मळ काढला तर परत बसवावा लागत नाही, पण खरवडलेलं पितळ परत येत नाही.

आता तुमचे चार रुग्ण.

पहिली, काळी एक: एकच रीड, थोड्या दिवसांत बरीच उतरली, अजून थांबलेली नाही, वर झणझण. ही लक्षणं तडा गेल्याची आहेत. रिव्हेटजवळ, म्हणजे मुळाशी, बारीक भेग पडली की पत्तीचा ताठपणा कमी होतो आणि सूर खाली घसरत जातो. मळाने उतरलेला सूर एका जागी तरी थांबतो, भेगेचा थांबत नाही. या रीडला खरवडून वर आणायला जाऊ नका. टोक हलकं करून आज सूर जुळेल, आणि पंधरा दिवसांत पत्ती तुटून चौकटीबाहेर पडलेली असेल.

दुसरी, पांढरी पाच: टोक फार उचललेलं असेल किंवा चौकटीच्या मागून हवा निसटत असेल. वरच्या सप्तकात पत्ती इवलीशी असते, तिला एवढं कारणही उशीर करायला पुरतं.

तिसरी, काळी चार: उलटं दुखणं. टोक फार खाली बसलंय. हळू हवेत पत्तीला हलायला वाव मिळतो, जोर आला की हवा तिला फटीत दाबून टाकते आणि ती तिथेच अडकते.

चौथीत एकेक रीड बघत बसू नका. अख्खी ओळ सारखी उतरली असेल तर कारण सगळ्यांना सामायिक असलं पाहिजे. ४२ पत्त्या ठरवून एकाच महिन्यात झिजत नाहीत. खर्जाचा स्टॉपर (पुढची ओढायची खुंटी) पूर्ण ओढला तरी आतली झडप पूर्ण उघडतेय का ते पाहा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, झडप अर्धवट उघडते, हवा अडते. अडलेल्या हवेत रीड दबकी वाजते आणि उतरते. तुम्ही आवाज दबलेला असं लिहिलंय, त्यावरून माझा संशय तिकडेच.

पितळखोर

खरवडणी यांच्याशी सहमत. उघडण्याआधी करायच्या दोन गोष्टी राहिल्यात.

भाता तपासा. आतला भाता पूर्ण भरा, मधली एक पट्टी दाबून धरा आणि आवाज संपेपर्यंत सेकंद मोजा. आकडा पेटीच्या झाकणाच्या आतून खडूने लिहून ठेवा. दर सहा महिन्यांनी तीच पट्टी, तीच रीड. आकडा निम्म्यावर आला तर गळती आहे, मग सुरांना दोष देण्यात अर्थ नाही. वाजवणारा गळती भरून काढायला भाता जोरात मारतो आणि त्या धक्क्यांनी दाब सारखा वरखाली होतो. खर्जाच्या रीडी जास्त दाबाला थोड्या उतरतात, त्यामुळे भाता नीट नसलेल्या पेटीवर ट्यूनरचा काटा नुसता डोलत राहतो.

दुसरं, मोजताना छताचा पंखा बंद करा. पात्यांमुळे आवाज लाटांसारखा येतो. दोन रीडी किंचित बेसूर असल्या की आवाज तसाच कमी-जास्त होतो, मग रीडींमधल्या लाटा कुठल्या, पंख्याच्या कुठल्या, हे कळेनासं होतं.

उघडण्याबद्दल: बऱ्याच पेट्यांत पट्ट्यांची फळी मागच्या बाजूला बिजागरीवर असते. वरची जाळी किंवा काच काढा, फळीचे स्क्रू काढून ती पुस्तकासारखी वर करा, रीडी खालच्या अंगाला दिसतील. काहींत बिजागरी नसते, फळी सुटी उचलावी लागते. तेव्हा कपलरच्या (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली पट्टी दाबणाऱ्या) तारा अडकत नाहीत ना ते बघा. उघडण्यापूर्वी आणि प्रत्येक रीड काढण्यापूर्वी फोटो काढा. काढलेली रीड त्याच भोकावर, त्याच दिशेने परत गेली पाहिजे. पत्तीला उघड्या बोटाने शिवू नका, घामातला क्षार पितळावर बसतो. चौकट कडेने धरायची.

फळी बंद करताना सगळे स्क्रू आधी हलके लावून घ्या, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. एकच कोपरा आधी आवळला तर गादीतून गळती होते आणि तुम्ही नवीन तक्रार घेऊन इथे याल.

रीडच्या स्क्रूंबद्दल एक सावधगिरी. मे महिन्यात लाकूड आकसतं, स्क्रू सैल होतात, चौकट थरथरते, झणझण येते. तेव्हा अर्धा फेर आवळणं बरोबर. पावसाळ्यात मात्र फुगलेल्या लाकडावर जोर करून आवळलं तर चौकट वाकते. फट आणि पत्ती यांच्यात मोकळी जागा केसाहून कमी असते, चौकट थोडीशी वाकली तरी पत्ती कडेला घासते. जोरात हवा दिल्यावर येणारी झणझण प्रत्येक वेळी तड्याचीच असते असं नाही. सैल स्क्रू आणि कडेला घासणारी पत्ती यांचाही आवाज तसाच येतो. पण त्यांनी सूर दोन आठवड्यांत १८ सेंट उतरत नाही, म्हणून काळी एकचं निदान मलाही पटतं.

भाताधारी

फळी बिजागरीवर होती, उघडली. जे दिसलं ते असं:

खर्जाची झडप खरंच जेमतेम अर्धी उघडत होती, एका टोकाला चौकटीवर घासत होती. घासलेल्या जागी लाकूड चकचकीत झालंय. हाताने पूर्ण उघडून धरली तर ओळ नराला लागली, दोन-तीन रीडी सोडल्या तर.

काळी एकची पत्ती भिंगातून पाहिली. रिव्हेटपासून एखादा मिलिमीटर पुढे आडवी रेघ आहे. ओरखडा की भेग?

बहुतेक पत्त्यांवर हिरवट ठिपके आहेत, खर्जाकडे जास्त. लिंबू किंवा पितळ घासायचं पॉलिश चालेल का? आणि टोक किती उचललेलं हवं हे मोजायचं कसं?

खरवडणी

लिंबू नको, चिंच नको, पॉलिश तर मुळीच नको. आंबट पदार्थ पितळातलं जस्त खातात आणि फटीत उरलेला अंश महिनोन्महिने काम करत राहतो. पॉलिशचं कारण आणखी वेगळं आहे. अनेक पॉलिशांत अमोनिया असतो आणि ताणाखालच्या पितळाला अमोनियाने भेगा पडतात. हे धडे आपल्याच हवेत शिकले गेलेत: ब्रिटिशांच्या हिंदुस्थानातल्या फौजेत पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेली पितळी काडतुसं आपोआप तडकायची, आणि त्याचं कारण निघालं घोड्यांच्या मुतातला अमोनिया. पेटीच्या पत्तीला तर वाजताना सतत ताण असतो.

हिरवे ठिपके कोरडेच काढायचे. मऊ ब्रशने आधी धूळ. मग गॅरेजच्या फीलर गेजमधलं (फट मोजायच्या पातळ पोलादी पानांच्या जुडीतलं) ०.०५ मिलिमीटरचं पान पत्तीच्या टोकाकडून खाली सरकवा, म्हणजे पत्तीला आधार मिळतो. वरून लाकडी दातकोरण्याने किंवा काचेच्या तंतूंच्या ब्रशने ठिपका हलकेच घासा, लांबीच्या दिशेने. ठिपका गेल्यावर खाली खड्डा दिसला तर तो तसाच राहू द्या, समपातळीत आणायच्या फंदात पडू नका. साफ केल्यावर त्या रीडचा सूर चढेल, हे अपेक्षितच आहे.

आधार न देता पत्तीवर दाब दिला किंवा टाचणीने टोक उचललं की ती वाकते. वाकली की सरळ करताना पुन्हा वाकवावी लागते, पितळ कडक होत जातं आणि शेवटी मुळाशी तडकतं. दुरुस्तीत मेलेल्या पत्त्या वाजून मेलेल्या पत्त्यांपेक्षा जास्त असतात, हे माझं मत.

भेग की ओरखडा: रीड काढून उजेडासमोर धरा आणि पानाने टोक अगदी थोडं उचला. भेग असेल तर ती रेघ उघडते, काळी दिसते. ओरखडा तसाच राहतो. रेघ आडवी आहे म्हणता, म्हणजे बहुधा भेगच, किंवा मागच्या जुळवणीत कुणी आडवं खरवडलं असेल आणि त्याच चरातून भेग निघाली असेल. मुळाशी ताण सगळ्यांत जास्त, त्यात आडवा चर म्हणजे पोस्टाच्या तिकिटांमधली भोकं. फाटायची जागाच आखून दिली.

आणि काळी एकच का? कारण गाणं काळी एकमध्ये. २७७ हर्ट्झने एक तास षड्ज धरून ठेवला तर त्या पत्तीचे जवळजवळ १० लाख हेलकावे होतात. शेजारची पांढरी दोन त्या मानाने फारच कमी वाजत असेल. झीज म्हणतात ती हीच, धातू थकणं. पितळ घासून कमी होत नाही, कारण पत्ती कशालाच घासत नाही. ती वाकण्याने थकते, आणि जास्त वाकवते ती जास्त हवा. म्हणून एकाच पट्टीत गाणाऱ्या मंडळांच्या पेटीत षड्ज-पंचमाच्या रीडी आधी जातात आणि बाकीच्या नव्यासारख्या राहतात.

टोकाची उंची: नियम साधा आहे. टोक चौकटीच्या पातळीपासून साधारण पत्तीच्या टोकाच्या जाडीइतकं वर. वरच्या सप्तकात त्याहून थोडं कमी, खर्जात थोडं जास्त. मोजण्यापेक्षा शेजारणींशी तुलना करा: रीडीच्या ओळीकडे आडव्या नजरेने पाहिलं तर टोकांची एक सलग उतरती रेषा दिसते. तुमची काळी चार त्या रेषेच्या खाली आणि पांढरी पाच वर दिसली पाहिजे.

काळी चारसाठी पान पत्तीखाली मुळापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत सरकवा आणि किंचित वर उचलून सोडा. बघा, वाजवा, पुन्हा. पांढरी पाचसाठी तिथेच वरून लाकडी काडीने हलका दाब. टोकाला धरून वाकवू नका, मग पत्ती केळ्यासारखी होते आणि जोराच्या हवेला मध्येच अडकते. उंची बदलली की सूर काही सेंट हलतो, म्हणून उंची आधी, जुळवणी नंतर. पांढरी पाच तरीही उशिराच बोलली तर चौकटीचे दोन्ही स्क्रू आणि खालचा कागद किंवा चामडं पाहा.

पितळखोर

झडपेचं काम सुताराचं, रीडवाल्याचं नाही. घासलेली कड आत्ता रंधू नका. पावसाळ्यात फुगलेलं लाकूड रंधलं तर डिसेंबरात झडप सैल होईल आणि स्टॉपर बंद असतानाही खर्ज कुजबुजत राहील. आत्ता त्या कडेला मेण घासा आणि पेटी सुकी ठेवा. नोव्हेंबरात गरज उरलीच तर दोन हात सँडपेपर.

सुकी ठेवणं म्हणजे: घट्ट झाकणाच्या लाकडी खोक्यात, भिंतीपासून लांब, जमिनीवर नाही, आणि आत २०० ग्रॅम सिलिका जेल. रंग बदलणारं घ्या, म्हणजे कधी भाजून सुकवायचं ते कळतं. पेटीत दिवा लावून ठेवण्याची पद्धत आहे, ती मला आवडत नाही. दिव्याजवळचं लाकूड तडकतं आणि लांबचं ओलंच राहतं.

जुनाबाजार

विषयाला धरूनच एक विचारतो. जुन्या जर्मन जुबिलेट सुरांची एक पेटी विकायला आहे. विकणारा म्हणतो सूर अजिबात झिजलेले नाहीत. वर सांगितल्याप्रमाणे पत्ती घासली जात नसेल तर जुनी रीड नव्याइतकीच चांगली समजायची का? आणि माझा क्लॅरिनेटवाला मित्र महिन्याला दोन रीडी टाकून देतो, मग पेटीची रीड पन्नास-साठ वर्षं कशी टिकते?

खरवडणी

क्लॅरिनेटची रीड वेताची, खरं तर बोरूसारख्या एका उंच गवताची. दक्षिण फ्रान्समधल्या व्हार भागातलं त्यासाठी नावाजलेलं. ती ओठात ओली होते, सुकते, पुन्हा ओली होते, तंतू मऊ पडतात, लाळेतले क्षार आत बसतात, आणि प्रत्येक कंपनात ती माउथपीसवर आपटते. सनईची पाल्याची पत्ती तर दुहेरी, दोन पानं एकमेकांवर मिटतात. ही ओल्या वनस्पतीची झीज, तिला उपाय एवढाच की तीन-चार रीडी आळीपाळीने वापरायच्या आणि वाजवून झालं की पुसून सपाट जागी सुकवायच्या. आणखी एक फरक: तिथे सूर मुख्यतः नळी ठरवते, रीड तिच्या मागे जाते. पेटीत नळीच नाही, सूर पत्तीच ठरवते. त्यामुळे क्लॅरिनेटची रीड म्हातारी झाली की आवाजाचा पोत बिघडतो, पेटीची म्हातारी झाली की सूर.

हवेच्या उष्णतेलाही दोघी उलट वागतात. गरमीत बासरी-क्लॅरिनेट चढतात, पितळी पत्ती किंचित मऊ होऊन उतरते. मे महिन्यात उघड्या मांडवात बासरी आणि पेटी भांडतात ती यामुळे.

जर्मन पेटीचं म्हणाल तर रीड पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. वाजण्याने झिजली का हे विचारूच नका, किती वेळा खरवडली गेली ते शोधा. फ्रान्सने १८५९ मध्ये पांढरी सहा ४३५ हर्ट्झला बांधून दिली होती, ४४० वर एकमत व्हायला १९३९ उजाडलं. ४३५ च्या रीडी ४४० ला आणायच्या तर प्रत्येकीला २० सेंट चढवावं लागतं, म्हणजे प्रत्येक टोकाचं पितळ काढावं लागतं. नंतर कुणी तरी जास्त चढलेल्या उतरवण्यासाठी मुळाशी खरवडतो. पुढचा पुन्हा टोकाशी. अशा चार-पाच जुळवण्या झाल्या की पत्ती दोन्हीकडून पातळ होते. आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येतो, जोर दिला की सूर सटकतो. जर्मन सूर गेले म्हणतात ते हे.

पाहायच्या खुणा: टोकाशी आणि मुळाशी दोन्हीकडे चकाकी, आडवे चर, खर्जाच्या टोकांवर कथलाचे नवे थेंब, शेजारच्या रीडींपेक्षा वेगळ्या रंगाच्या पत्त्या. सगळ्यांवर एकसारखा तपकिरी रंग आणि ओरखडे मोजकेच, तर नावाला आणि किमतीला अर्थ आहे. पालिताण्याला बाकीचे लोक शत्रुंजयाच्या देवळांसाठी जातात, पेटीवाले रीडींसाठी, आणि तिथली हाताने नीट बसवलेली नवी रीड मी खरवडून मेलेल्या जर्मन रीडपेक्षा केव्हाही घेईन.

पितळखोर

शेवटच्या वाक्याला अर्धा विरोध. चांगली जर्मन रीड कमी हवेत बोलते, ते पालिताण्याच्या सगळ्याच रीडींना जमत नाही. पण खरवडून मेलेलीबद्दल वाद नाही.

भाताधारी

रीड काढून टोक उचलून पाहिलं. रेघ उघडली. भेगच.

मेण लावून झडप पूर्ण उघडतेय. काळी चार आणि पांढरी पाच दोन्ही बोलतायत. साफ केल्यावर बहुतेक रीडी ३ सेंटच्या आत आल्या. नऊ रीडी ४ ते १० सेंट बाहेर आहेत. काळी एकसाठी नवी रीड मागवताना काय सांगायचं? आणि त्या नऊ घरी जुळवू का?

खरवडणी

जुनी रीड फेकू नका, तीच नमुना म्हणून पाठवा. लांबी, रुंदी, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर, नर, मधलं सप्तक, काळी एक, ४४०. चौकट चांगली असेल तर तिच्यात फक्त नवी पत्ती बसवून मिळते आणि आवाजाचा पोत शेजारच्यांशी जास्त जुळतो. पण ते काम कारागिराचं: पत्ती फटीत दोन्ही बाजूंना सारखी मोकळी बसली पाहिजे, उजेडासमोर धरल्यावर दोन्ही कडांना सारखी बारीक प्रकाशरेघ दिसली पाहिजे. नवी रीड पहिला महिना हलत राहते. बसवून जुळवा, महिनाभर वाजवा, पुन्हा जुळवा.

नऊपैकी ५ सेंटपर्यंतच्या सोडून द्या. खर्ज-नर एकत्र वाजवताना मधल्या काळी एकला ६ सेंटचा फरक असेल तर सेकंदाला साधारण एक लाट ऐकू येते. त्याहून संथ लाट भजनात कुणाच्या कानाला खटकत नाही. आणि तसंही सारख्या अंतरांच्या जुळवणीत पेटीचा गांधार शुद्ध गांधारापेक्षा १४ सेंट चढाच असतो. त्याच्यासमोर ३-४ सेंटसाठी पितळ काढणं मला पटत नाही. कुणी तुमच्या काळी एकच्या षड्जाला गांधार जुळवून देतो म्हणाला तर ते शक्य आहे, पण मग दुसऱ्या पट्टीत गाणाऱ्याला ती पेटी निरुपयोगी.

उरलेल्या तीन-चार जुळवायच्याच असतील तर:

सूर चढवायचा असेल तर टोकाकडच्या पाव भागात, उतरवायचा असेल तर मुळाकडच्या तिसऱ्या हिश्श्यात, रिव्हेटला न शिवता. खाली ०.०५ चं पान हवंच. धारदार टोकाची पोलादी खरवडणी, ओरखडे लांबीच्या दिशेने, कडेपर्यंत न नेता. वरच्या सप्तकात एक ओरखडा आणि मोजणी. मध्ये दोन-तीन. खर्जात आठ-दहा. खर्ज उतरवायचा तर मूळ खरवडण्यापेक्षा टोकाला कथलाचा बारीक थेंब बरा, पण डाग देताना पत्ती तापते, सवय नसेल तर कारागिराकडूनच करून घ्या.

मोजणी रीड जागेवर बसवून, फळी बंद करून, नेहमीच्या वाजवण्याच्या हवेत. तोंडाने फुंकून किंवा हातात धरून आलेला आकडा खोटा असतो. खरवडताना पत्ती हाताने आणि घासण्याने तापते, त्यामुळे लगेच मोजलं तर उतरलेली दिसते आणि माणूस आणखी खरवडतो. दहा मिनिटं थांबा. आणि लक्ष्याच्या २ सेंट अलीकडेच थांबा, उरलेलं दुसऱ्या दिवशी बघा.

क्रमाने जा. आधी नराचं मधलं सप्तक ट्यूनरवर. मग नराची वरची-खालची सप्तकं त्याच्याशी कानाने, लाटा थांबेपर्यंत. मग खर्ज, प्रत्येक रीड तिच्या नराशी. खर्जाला ट्यूनर बऱ्याचदा चकतो, कारण त्याला वरचा सूरच जोरात ऐकू येतो.

पितळखोर

पहिली रीड जुळवताना पांढरी दोन किंवा पांढरी पाच अशी तुमच्याकडे कमी वाजणारी निवडा. हात बसेपर्यंत षड्ज-पंचमाला शिवू नका. आणि नवी काळी एक मागवताना दोन मागवा, दुसरी मधल्या काळी चारची, म्हणजे तुमच्या पंचमाची. तुमच्या मंडळात पुढचा नंबर तिचाच आहे.